टाकीतला डास लाल समुद्रापलीकडे

२०१२ साली जिबूती या देशात हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले गेले. २०२० मध्ये हाच आकडा ७३ हजारांच्या पुढे गेला. देशाची लोकसंख्या जेमतेम दहा लाख!

जिबूती म्हणजे आफ्रिकेच्या शिंगावर, लाल समुद्राच्या तोंडाशी वसलेलं बंदर. पाऊस नावापुरता, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, बारमाही वाहणारी एकही नदी नाही. हिवताप तिथून जवळजवळ हटला होता आणि तो कायमचा संपवायची भाषा सुरू झाली होती. अशा रखरखीत बंदरात ही साथ पसरली कशी? डासाची अळी पाण्याशिवाय वाढत नाही. मग हे पाणी आलं कुठून?

पाणी माणसांनीच साठवलेलं होतं. पिंपात, हौदात, गच्चीवरच्या टाकीत, बांधकामावरच्या खड्ड्यात. आणि या साथीचा माग काढताना जो डास हाती लागला, तो आफ्रिकेतला नव्हताच. तो होता ॲनोफिलीस स्टीफेन्सी. भारत, पाकिस्तान, इराण, अरबस्तान हा त्याचा जुना मुलूख, आणि शास्त्राच्या दप्तरात त्याची पहिली नोंद झाली ती थेट आपल्या वऱ्हाडात.

विल्यम ग्लेन लिस्टन नावाचे एक लष्करी डॉक्टर तेव्हा एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, नेमणुकीवर होते. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत १८९७ मध्ये दाखवून दिल्याला चार वर्षंही झाली नव्हती. कुठला डास, कुठल्या पाण्यातला, कुठल्या महिन्यातला, हे सगळं अजून अंधारात होतं. लिस्टन यांनी वर्षभर अचलपूर परिसरातल्या ॲनोफिलीस डासांच्या सवयी टिपल्या आणि १९०१ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये छापल्या. त्यात सापडलेल्या एका नव्या जातीला त्यांनी हिवतापाचे अभ्यासक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स यांचं नाव दिलं. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेगवर काम करताना उंदरांवरच्या पिसवांचा धागा पुढे नेणारे लिस्टन ते हेच. वऱ्हाडातल्या एका गावी वर्षभर पाणी तपासत बसलेल्या माणसाच्या टिपणांना सव्वाशे वर्षांनंतर आफ्रिकेतल्या शहरांत इतकं मोल यावं, हे मला फार विलक्षण वाटतं.

या डासाची ओळख जवळून करून घ्यायला हवी, कारण सगळं मर्म त्याच्या राहणीत आहे.

मादी पाण्यावर एकेक सुटं अंडं घालते. अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, आकार एखाद्या होडीचा आणि दोन्ही कडांना हवा भरलेले तरंगे. सूक्ष्मदर्शकाखाली या तरंग्यांवर आडव्या सुरकुत्यांसारख्या रेघा दिसतात. या रेघा मोजूनच अभ्यासक स्टीफेन्सीचे प्रकार वेगळे करतात. ज्याच्या अंड्यावर रेघा जास्त, तो शहरी टाक्या-विहिरींचा सराईत आणि हिवताप पसरवण्यात पटाईत. ज्याच्यावर कमी, तो बहुतेक खेड्यापाड्यांतला, गुरांच्या रक्तावर जगणारा आणि माणसाला फारसा उपद्रव न देणारा. एवढीशी रेघ, आणि तिच्यामागे अख्ख्या शहराचं आरोग्य.

दोन-तीन दिवसांत अळी बाहेर येते. टाकीचं झाकण उघडून टॉर्चचा उजेड तिरपा टाकला की ती दिसते. डेंग्यूच्या एडिस डासाची अळी पाण्यात डोकं खाली करून तिरकी लटकते, कारण तिच्या शेपटीकडे श्वासाची नळी असते आणि तेवढीच ती पृष्ठभागाला टेकवते. ॲनोफिलीसच्या अळीला ती नळी नाही. ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, अगदी आडवी पडून राहते. पाठीवरची श्वासाची छिद्रं हवेला लागून असतात आणि पोटाच्या खंडांवर पसरट केसांच्या जोड्या असतात, त्या तिला पृष्ठभागाला धरून ठेवतात. आता गंमत अशी की पाठ वर आणि तोंड खाली, पण खाणं मात्र पृष्ठभागावरच्या पातळ थरात. मग ती काय करते? डोकं पूर्ण अर्धं वर्तुळ फिरवते. धड पालथं आणि तोंड आकाशाकडे, अशा अवस्थेत तोंडाभोवतीचे केस हलवून ती पाण्यावरचे सूक्ष्म कण ओढून घेते. आपली सावली पडली की क्षणात तळाला. हालचाल थांबवून उभं राहिलं की पुन्हा वर. आशा सेविका आणि डासअळी तपासणारे कर्मचारी अळी आडवी आहे की लटकलेली, एवढ्यावरून हिवतापाचा धोका की डेंग्यूचा ते टाकीच्या काठावरच ओळखतात. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

अळीचा कोष होतो, कोष पाठीवर उलतो आणि डास आपल्याच सोडलेल्या कातीवर उभा राहून पंख वाळवतो. उष्ण हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंत हे सगळं आठवड्याभरात उरकू शकतं. आपल्याकडे आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात त्याचा हिशेब इथे आहे.

पण उडालेला डास लगेच हिवताप देत नाही, आणि लोकांना हे सांगायचं राहूनच जातं. चावते ती फक्त मादी. तिने आधी हिवतापाच्या रुग्णाचं रक्त प्यायला हवं. त्यातल्या परजीवींचं तिच्या पोटात मीलन होतं, जठराच्या भिंतीवर गाठी धरतात, त्या फुटून हजारो सूक्ष्म परजीवी शरीरभर पसरतात आणि अखेर लाळग्रंथीत पोचतात. याला साधारण दहा ते चौदा दिवस जातात. एवढे दिवस जगली तरच ती पुढच्या माणसाला आजार देऊ शकते. म्हणजे साखळी दोन जागी तोडता येते. एक पाण्यात, अळी असताना. दुसरी रुग्णाकडे, ताप आल्या आल्या रक्त तपासून पूर्ण औषधोपचार करून. डास उडू लागला की त्याच्यामागे धूर सोडणं हा त्यातला सगळ्यात कमी कामाचा उपाय, पण डोळ्यांना दिसतो म्हणून लोक त्याचीच मागणी करतात. मला याचं वाईट वाटतं, कारण नगरसेवकाला लोक धुराची गाडी मागतात आणि टाकीचं झाकण मात्र कोणी मागत नाही.

स्टीफेन्सीला स्वच्छ, साठवलेलं पाणी आवडतं. गटारात तो सहसा जात नाही. त्यामुळे ‘आमच्या घरी घाण नाही, डास कसे होतील’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. मुंबईने हा धडा शंभर वर्षांपूर्वी घेतला. बंदर परिसरात आणि फोर्ट भागात हिवताप वाढला तेव्हा चार्ल्स बेंटली यांना चौकशीला नेमलं गेलं. १९११ च्या त्यांच्या अहवालात बोट होतं याच डासाकडे, आणि त्याची पैदास सापडली ती घराघरांतल्या, वाड्यांतल्या विहिरींत. विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असा उपाय पुढे आला आणि शहरात वादळ उठलं. विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हतं. पारशांना पूजेसाठी सूर्यप्रकाश पडलेलं विहिरीचं पाणी हवं होतं. हिंदूंच्या विहिरींवर देवता होत्या. विहिरीतल्या पुण्यात्म्यांना कोंडायचं कसं, हा कितीतरी घरांचा खराखुरा प्रश्न होता. पालिकेत काम करणाऱ्या रुस्तम पेस्तनजी मसानी यांच्यापुढे या तक्रारी येत गेल्या आणि त्यांतूनच १९१८ मध्ये त्यांचं ‘फोकलोर ऑफ वेल्स’ हे पुस्तक झालं. काही ठिकाणी विहीर साफ बंद न करता उघडता-मिटता येणाऱ्या जाळीच्या झडपेवर तडजोड झाली.

ही झडप मला फार मोलाची वाटते. लोकांच्या श्रद्धेला धक्का न लावता डासाची वाट अडवता येते, हे तिच्यामुळे कळलं. आरोग्य खात्याने आधी हुकूम काढला, नंतर ऐकून घेतलं, आणि ऐकून घेतल्यावर काम पुढे सरकलं. जनजागृतीचा असा अनुभव आपल्या शहराच्या पदरी आहे. आज मुंबईत इमारतीच्या टाकीला घट्ट बसणारं झाकण, वर चढायला शिडी आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी, हा जो आग्रह धरला जातो त्याचं मूळ इतकं मागे जातं.

आता आफ्रिकेकडे वळू. तिथे हिवतापाची ओळख नव्याने करून द्यायची गरज नव्हती. जगातल्या हिवतापाच्या मृत्यूंपैकी बहुतेक त्याच खंडात होतात. पण तिथल्या लोकांना माहीत होता तो वेगळा डास. ॲनोफिलीस गॅम्बिये आणि त्याचे भाऊबंद पावसाने साचलेल्या, उन्हातल्या डबक्यांत, खुरांच्या ठशांत साचलेल्या पाण्यात वाढतात, मध्यरात्रीनंतर घरात शिरून झोपलेल्या माणसाला चावतात आणि भिंतीवर विसावतात. त्यामुळे तिथल्या पिढ्यांनी मनाशी बांधलेलं गणित असं होतं: हिवताप खेड्यातला, पावसाळ्यातला, रात्रीचा. शहरात आलं की सुटका. या गणितावरच औषध लावलेल्या मच्छरदाण्या आणि घरातल्या भिंतींवरची फवारणी उभी राहिली, आणि त्यांनी लाखो मुलांचे जीव वाचवले. ते गणित त्या डासापुरतं अगदी बरोबर होतं.

स्टीफेन्सीने ते सगळं उलटं केलं. तो शहरात राहतो. कोरड्या महिन्यांत तर त्याचं जास्तच फावतं, कारण नळाला पाणी कमी आलं की लोक जास्त साठवतात. तो संध्याकाळी, माणसं अजून अंगणात-ओट्यावर असताना, बाहेरही चावतो. गोठ्यात, छपराखाली, कुठेही विसावतो. शिवाय नेहमीच्या कित्येक कीटकनाशकांना तो दाद देत नाही. मच्छरदाणी अजूनही वापरायलाच हवी, पण आता ती एकटी पुरत नाही.

इथिओपियात तो पहिल्यांदा सापडला २०१६ मध्ये, पूर्वेकडच्या सोमाली प्रांतातल्या केब्री देहर गावी. त्यानंतर दिरे दावाची पाळी आली. हे शहरच रेल्वेमुळे जन्मलं. जिबूती बंदरातून आदिस अबाबाकडे जाणारा फ्रेंचांचा लोहमार्ग १९०२ मध्ये इथवर पोचला आणि स्थानकाभोवती गाव वाढलं. आजही बंदरातला माल याच वाटेने राजधानीकडे जातो. २०१९ च्या अख्ख्या वर्षात तिथे हिवतापाचे २०५ रुग्ण होते. २०२२ मध्ये जानेवारी ते मे या पाच महिन्यांत, त्यातही बराच काळ कोरड्या हवेत, २,४०० हून जास्त रुग्ण निघाले. आदिस अबाबाच्या आर्माउअर हॅन्सन संशोधन संस्थेतले फित्सुम तदेसे आणि त्यांचे सहकारी रुग्णांच्या घरांभोवती फिरले. रुग्णांत विद्यापीठाच्या वसतिगृहातली मुलं होती. जिथे आजार जास्त तिथे साठवलेल्या पाण्यात स्टीफेन्सी, असा सरळ धागा त्यांना सापडला. आफ्रिकेत शहरी हिवतापाची साथ या डासानेच आणली, याचा एवढा जवळून मिळालेला पुरावा तोवर नव्हता.

त्यात आणखी एक अडचण. जिबूती, इरिट्रिया, इथिओपिया या पट्ट्यात हिवतापाच्या परजीवीतच एक बदल झालेला आहे. झटपट तपासणीच्या पट्टीवर जे प्रथिन पकडलं जातं, ते बनवणारं जनुकच काही परजीवींनी गमावलंय. माणूस तापाने फणफणलेला, आणि पट्टी म्हणते हिवताप नाही. अशा ठिकाणी काचपट्टीवरचा रक्तनमुना आणि तो वाचणारा तंत्रज्ञ यांचं महत्त्व कितीतरी पटींनी वाढतं.

डास तिथवर गेला कसा? जनुकीय अभ्यास दक्षिण आशियाकडे बोट दाखवतात. जहाजं, मालाचे कंटेनर, पाण्याची भांडी, वाऱ्याबरोबरचा प्रवास, अशा अनेक वाटा संभवतात. मला जास्त बोचतं ते हे की कितीतरी ठिकाणी तो आधीच पोचला होता आणि कोणी त्याला शोधलं नव्हतं. पिंपातल्या अळ्या म्हणजे एडिसच्या, असं गृहीत धरलं जाई. हिवतापाचा डास पिंपात असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया आणि पार पश्चिमेला घानापर्यंत त्याची नोंद आता झाली आहे. ऑक्सफर्डच्या मारियान सिंका आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, तो आफ्रिकाभर पसरला तर शहरांतले १२ कोटी ६० लाख जास्तीचे लोक हिवतापाच्या छायेत येतील. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला रोखण्यासाठी स्वतंत्र मोहीम जाहीर केली.

पण मोहिमेचा संदेश काय असावा? ‘पाणी साठवू नका’ असं सांगणं सोपं आहे. ज्या वस्तीत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे हे सांगणं अन्यायाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. भरलेलं पिंप ओतून दे म्हटलं तर ती काय उत्तर देईल? दिरे दावातली बाईही तेच उत्तर देईल. पाणी साठवणं हा तिचा निष्काळजीपणा नव्हे, नळाच्या अनियमितपणावर तिने काढलेला तोडगा आहे. म्हणून तिला सांगायचं ते असं: पिंप राहू दे, त्याचं तोंड बंद कर. झाकण नीट बसत नसेल तर वरून दाट कापड ताणून बांध. हौद झाकता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडू, नाहीतर अळीनाशक टाकू. आणि जे पाणी कोणी पीत नाही, बांधकामावर महिनोन्‌महिने सिमेंटला मारायला ठेवलेलं, त्याचा जाब ठेकेदाराला विचारू, कारण केब्री देहर आणि दिरे दावा या दोन्ही ठिकाणी असे बांधकामाचे हौद अळ्यांनी भरलेले सापडले.

यात एक मोठा फायदाही आहे. एकाच पिंपात स्टीफेन्सी आणि एडिस एकत्र वाढताना इथिओपियात आढळले आहेत. म्हणजे एका झाकणात हिवताप आणि डेंग्यू दोन्हींना अटकाव. फरक एवढाच की एडिस आपली अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटवते आणि ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून डेंग्यूसाठी पिंप नुसतं ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. ॲनोफिलीसच्या अंड्यांना असा कोरडेपणा सोसत नाही.

हे दारोदार सांगणार कोण? इथिओपियाकडे २००३ पासून उभी राहिलेली आरोग्य विस्तार सेविकांची फौज आहे. बहुतेक त्याच गावातल्या तरुणी. आपल्या आशांसारखंच त्यांचंही बळ ओळखीच्या उंबऱ्यातून आत जाण्यात आहे. सरकारी भोंग्याने जे साधत नाही, ते शेजारच्या मुलीने टॉर्च टाकून टाकीतली आडवी अळी दाखवल्यावर साधतं. आपल्याच पाण्यातली ती वळवळ एकदा पाहिलेली बाई पुन्हा झाकण उघडं ठेवत नाही.

विज्ञानही स्वस्थ बसलेलं नाही. मे २०२४ मध्ये जिबूतीच्या आंबूली भागात जनुकं बदललेले स्टीफेन्सी नर सोडले गेले. नर चावत नाहीत, आणि त्यांच्यापासून झालेली मादी पिल्लं मोठी व्हायच्या आधीच मरतात. लहान मुलांसाठीची आर-२१ ही हिवतापाची लस ऑक्सफर्डने घडवली आणि ती बनते पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. अचलपुरात नाव मिळालेल्या डासाच्या चाव्यावर पुण्यातली लस आफ्रिकेला जाते आहे.

पण मला सगळ्यात धीर देतं ते श्रीलंकेचं उदाहरण. सप्टेंबर २०१६ मध्ये श्रीलंकेला हिवतापमुक्त देशाचं प्रमाणपत्र मिळालं. इतकं झाल्यावर कुठल्याही खात्याला वाटलं असतं की आता माणसं दुसऱ्या कामाला लावू. तिथल्या हिवताप मोहिमेने तसं केलं नाही. कर्मचारी पाणी तपासतच राहिले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तरेकडच्या मन्नार बेटावरच्या विहिरींत स्टीफेन्सीच्या अळ्या सापडल्या. एकही स्थानिक रुग्ण नसताना! लगेच विहिरींत मासे सोडले गेले, अळीनाशक टाकलं गेलं, वापरात नसलेल्या विहिरी बंद झाल्या. डास पुढे जाफन्यातही निघाला, तरी हिवतापाला तिथे पुन्हा घर करता आलेलं नाही.